काकू नावाची लाईन

मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. आमच्या जुन्या चाळीत कुणाच्या अंगात आलं की मी तोंडावर सांगायचो, "आता बास झालं, उठ आणि चहा टाक." त्यावरून माझी बायको माझ्याशी दोन-दोन दिवस बोलायची नाही. अंबरनाथला एमआयडीसीत एका केमिकल कारखान्यात एकतीस वर्षं पंप फिटर होतो. पंप बंद पडला तर त्याला कारण असतं. सील गेलं, बेअरिंग गेलं, पंपाने हवा धरली, नाहीतर कुणीतरी वॉल्व्ह बंद करून विसरला. कारण सापडत नाही असं होत नाही, शोधायचा कंटाळा केला असं होतं. हे माझं मत. आजही तेच आहे, म्हणून तर त्रास होतोय.

माझं शिक्षण सातवी. हे मी वहीत लिहिलंय आणि आमच्या सोसायटीच्या ऑफिसातल्या बाईंनी टाईप केलंय. त्यांना सांगून ठेवलंय, वाक्य सुधारू नका, फक्त वेलांट्या बघा. तुमचं हे भुताखेतांच्या अनुभवांचं पान माझी मुलगी वाचते. आधी तिची आई वाचायची... मोठ्याने, मी जेवत असताना. घास गिळायची चोरी. म्हणून इथेच पाठवतोय.

आम्ही राहतो चिखलोलीला, अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये. स्टेशन होणार, स्टेशन होणार म्हणून घेतलेला फ्लॅट. पाचवा मजला, दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत पूर्वेच्या खिडकीखाली कॉम्प्युटरचं टेबल. मशीनचा डबा टेबलाखाली जमिनीवर. टेबलाच्या डाव्या बाजूला एक लाकडी स्टूल, ते शालनचं. शालन म्हणजे माझी बायको. ती उल्हासनगरच्या कॅम्प चारमधून जीन्सचे गठ्ठे आणायची, शिलाईचे लोंबणारे धागे कापायची आणि गठ्ठे परत द्यायची. बावीस वर्षं तिने हे काम केलं. गुडघे गेले तरी सोडलं नाही. मी म्हणायचो, आता कशाला? ती म्हणायची, "तुमच्या तोंडाकडे बघत बसू का दिवसभर?"

मुलगी एकच, मंजू. नर्स आहे. जर्मनीला गेली. तिकडे आधी त्यांची भाषा, मग त्यांची परीक्षा, मग पक्की नोकरी. रविवारी दुपारी चार वाजता तिचा व्हिडिओ कॉल यायचा. मोबाईलवर मंजूचं तोंड पोस्टाच्या तिकिटाएवढं दिसतं म्हणून शालनने कॅम्प चारमधल्या हरेशच्या दुकानातून जुना कॉम्प्युटर आणला. हरेश सिंधी, पन्नाशीचा, जाड चष्मा, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. जीन्सवाल्याच्या गाळ्याला लागून त्याचा गाळा, त्यामुळे शालनची ओळख. तिला तो काकू म्हणायचा आणि मला अंकल.

आता माझा एक दुर्गुण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मला बोलण्यात कुणी अडचणीत पकडलं की मला तिथे थांबवत नाही. कारखान्यातही साहेब काही वेडंवाकडं विचारायला लागला की मी "पंप बघून येतो" म्हणून निघून जायचो. घरातून जाणार कुठे? मंजू फोनवर सुनवायला लागली, आप्पा गोळ्या का नाही घेतल्या, आप्पा आईला एवढं ओझं का उचलायला लावता, आप्पा परत तंबाखू? ...की मी टेबलाखाली पाय सरकवायचो. इंटरनेटची निळी वायर डब्याच्या मागे घुसते, तिच्या टोकाची क्लिप तुटलेली होती. पायाच्या अंगठ्यात आणि बोटात धरून जरा ओढली की सुटायची. टिक् असा आवाज यायचा. मंजू तोंड उघडं ठेवून पडद्यावर थांबायची आणि मग नाहीशी व्हायची. मी म्हणायचो, "गेलं वाटतं नेट. हे केबलवाले ना..."

पाच-सहा महिने हे खपलं. एका रविवारी शालनच्या हातातला कटर खाली पडला, ती उचलायला वाकली आणि माझा पाय बघितला.

परत वर झाली, धागे कापायला लागली. मग म्हणाली, "अहो."

"काय?"

"एकतीस वर्षं वॉल्व्ह बंद करून पोट भरलं नाही होय तुमचं? आता पोरीचा पण बंद करता?"

मी म्हणालो, "चुकून लागला पाय."

"चप्पल काढून लागला?"

दुसऱ्या दिवशी गठ्ठा द्यायला गेली आणि संध्याकाळच्या आत हरेशला रिक्षात घालून घेऊन आली. बिचाऱ्याला सांगून आणलं होतं की केबल सारखी जाते, दुसरी लाईन पण लाव. आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "अशी लाव हरेश, की कुणी पहिली वायर ओढली तरी कॉल तुटला नाही पाहिजे."

मी म्हणालो, "एका मशीनवर दोन लाईनी कशा चालतील? एकमेकींत भांडतील."

हरेश म्हणाला, "नहीं अंकल, नंबर देनेका. जिसका नंबर छोटा, वो पहले."

त्याने शालनचा फोन चार्जिंगच्या वायरने कॉम्प्युटरला जोडला. फोनमध्ये काहीतरी चालू केलं, तशी कॉम्प्युटरवर दुसरी लाईन दिसायला लागली. मग नेटवर्कच्या सेटिंगमध्ये गेला, त्यात प्रोटोकॉल म्हणून एक ओळ असते, त्याच्या आत आणखी आत. तिथे ऑटोमॅटिकची टिक होती ती काढली आणि चौकटीत आकडा टाकला. केबलला दहा. फोनला वीस. म्हणे ऑटोमॅटिक ठेवलं तर मशीन स्वतःच्या मनाने लाईन निवडतं, आकडा दिला की आपण सांगू तसं चालतं.

हे मला लगेच कळलं. पंप हाऊसमध्ये हेच असतं. मेन पंप आणि स्टँडबाय पंप, दोन्ही एकाच लाईनवर. मेन ट्रिप झाला की चार-पाच सेकंदांत स्टँडबाय उचलतो, वर प्लांटमध्ये कुणाला पत्ताही लागत नाही.

हरेशने दोन्ही लाईनींना नावं दिली, म्हणजे आम्हाला ओळखता याव्यात. एकीचं 'केबल'. दुसरीचं 'काकू'.

शालनने विचारलं, "म्हणजे मी ह्यांच्या मागं?"

"हां काकू, आप स्टँडबाय."

"बरं आहे. मागं राहिलं की लक्ष ठेवता येतं."

पुढच्या रविवारी मंजूने तंबाखूचा विषय काढला. सवयीने पाय गेला. टिक्. मंजू तोंड उघडं ठेवून थांबली. मी "गेलं वाटतं नेट" म्हणायला लागलो, तोवर एक, दोन, तीन, चार... आणि मंजू हलायला लागली. "...काय आप्पा, ऐकताय ना? थुंका आधी ते." शालन स्टुलावर बसून तोंडाला पदर लावून एवढी हसली, एवढी हसली की कटर बाजूला ठेवायला लागला. मंजूला तिने सगळं सांगून टाकलं. त्या दिवसापासून मला घरात इज्जत राहिली नाही.

मध्ये एकदा मी शहाणपणा केला. दोन पंप एकदम चालवले तर पाणी दुप्पट येतं, तसं इथेही होईल म्हणून केबलला दहा होता तसा 'काकू'लाही दहा टाकला. कॉल धड ह्या लाईनीवर नाही, धड त्या लाईनीवर नाही, मंजू दर मिनिटाला अडकायला लागली. हरेशला परत यावं लागलं. तो म्हणाला, "अंकल, आप पंप संभालो." पण त्यामुळे ते आकडे कुठे बघायचे, लाईन चालू आहे की बंद हे कुठे दिसतं, ते मला पाठ झालं. पुढे हे कामाला आलं.

मग शालन आजारी पडली. आधी वाटलं ॲसिडिटी. तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी सांगितलं की पोटात गाठ आहे, पसरली आहे, तीन-चार महिने. मंजूची परीक्षा तोंडावर होती. ती आली असती तर वर्ष गेलं असतं. शालनने मला शपथ घातली, "परीक्षा होईपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही." दर रविवारी चार वाजता ती केस नीट करून, लाल टिकली लावून स्टुलाऐवजी खुर्चीत बसायची आणि मंजूला सांगायची, उपास धरलाय म्हणून बारीक झाले. नर्स मुलगी, तिला दोन महिने फसवलं. पडद्यावर फसवता येतं.

परीक्षा झाली त्याच आठवड्यात शालनने अंथरूण धरलं. शुक्रवारी सकाळी गेली. घरीच.

मंजू आली ती शनिवारी रात्रीच्या विमानाने. आईचं तोंड बघायला मिळालं नाही तिला. दिवस झाले, तिने सगळं केलं, रडली कमी. मग कपाटातून रिपोर्टची फाईल काढून वाचली. पान पान वाचलं. मला म्हणाली, "आप्पा, दोन महिने माहीत होतं?"

मी म्हणालो, "तुझ्या आईनेच नको सांगितलं होतं."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ती गेली. मग सात महिने नाही कॉल, नाही मेसेज. मी रविवारी चार वाजता कॉम्प्युटर चालू करून बसायचो, पाच वाजता बंद करायचो. शालनचा फोन मी बंद करून लोखंडी कपाटात तिच्या जीन्सच्या पिशवीत ठेवला. त्यातलं सिमकार्ड काढून ठेवलं होतं. रिचार्ज नाही म्हणून कंपनीने नंबरही बंद केला, मी माझ्या फोनवरून लावून बघितला होता. फोनची चार्जिंगची वायर मात्र कॉम्प्युटरला तशीच राहिली. एक टोक डब्यात, दुसरं टोक स्टुलावर. तिचा फोन जिथे ठेवलेला असायचा तिथे. काढावीशी वाटली नाही, बस.

आणि मग एका बुधवारी मंजूचा मेसेज आला. जसाच्या तसा लिहितो. "रविवारी चार वाजता. कॉम्प्युटरवर. मला एक विचारायचं आहे. आप्पा, ह्या वेळी कॉल कापलात तर मी परत करणार नाही."

ती तशीच आहे. म्हणाली म्हणजे करणार नाही. माझ्यावरच गेलीय.

रविवारी मी दाढी केली, शर्ट घातला. तीन वाजताच बसलो. बरोबर चारला कॉल आला. बारीक झाली होती. केस कापले होते.

"आप्पा, दिसतेय मी?"

"दिसतेस."

"जेवलात?"

"जेवलो. तू?"

"आत्ता जेवेन. बाई येते का पोळ्या करायला?"

"मीच करतो."

"पोळ्या?"

"जाड होतात. पण होतात."

जरा हसल्यासारखं केलं तिने. अर्धा तास असाच गेला. तिकडची थंडी, तिचं हॉस्पिटल, माझं बीपी. मला वाटलं, निभावलं. मग ती म्हणाली, "आप्पा, आई शेवटी शुद्धीवर होती ना?"

"होती."

"कधीपर्यंत?"

"गुरुवारपर्यंत."

"मग परीक्षा झाल्यावर... त्या चार दिवसांत... तिने मला बोलवायला सांगितलं होतं का?"

आता खरं काय ते इथेच लिहितो. मंगळवारी दुपारी शालन म्हणाली होती, "मंजूला बोलवा आता." स्पष्ट म्हणाली होती. मी म्हणालो, उद्या लावतो. बुधवारी तिने विचारलं, "लावलात?" मी म्हणालो, "लागत नाही. नेट गेलंय." ती पडल्या पडल्या माझ्याकडे बघत राहिली. भिंतीवर इंटरनेटच्या डब्याचा हिरवा दिवा चालू होता, तो तिला पलंगावरून दिसत होता. मग हळू आवाजात म्हणाली, "माझी लाईन आहे की. तिच्यावरून लावा."

मी लावला नाही. कामाला गेल्यासारखा खाली जाऊन बसलो. का नाही लावला, हे मला कुणी विचारलं नाही, तेव्हापासून मीच मला विचारतोय. फोन लावला असता तर ती मरणार हे माझ्या तोंडून बाहेर पडलं असतं. मंजूने विचारलं असतं, किती दिवस? आणि मला ते सांगावं लागलं असतं. तेवढ्यासाठी नाही लावला. शपथ वगैरे काही नाही, शपथ तिनेच सोडवली होती.

आणि मंजू पडद्यावरून हेच विचारत होती.

माझा पाय गेला. मी पाठवला असं म्हणणार नाही, आणि नाही पाठवला असंही म्हणणार नाही. वायर अंगठ्यात आली आणि ओढली. टिक्.

मंजू थांबली. डोळे अर्धे मिटलेले, तशीच थांबली. मला त्या क्षणी कळलं मी काय केलं ते. आता कॉल जाईल, आणि ती परत करणार नाही. मी वाकून वायर घालायला हवी होती, पण माझे हात टेबलावरच राहिले. घड्याळ पडद्याच्या कोपऱ्यात होतं, चार सदतीस.

एक. दोन. तीन. चार.

"...आप्पा? अडकलं होतं तुमचं. ऐकलंत मी काय विचारलं?"

ती हलत होती. बोलत होती. आवाज स्वच्छ, चित्र आधीपेक्षा जरा धुरकट, जसं शालनच्या फोनवरून यायचं तसं. मी खाली बघितलं. निळी वायर माझ्या चपलेवर पडलेली होती. पूर्ण बाहेर. डब्याच्या मागचा लहान दिवा विझलेला. मी स्टुलाकडे बघितलं. चार्जिंगच्या वायरचं टोक स्टुलावर, त्याला काही जोडलेलं नाही.

"आप्पा."

"ऐकलं," मी म्हणालो.

"मग?"

मग मी सांगितलं. मंगळवारचं, बुधवारचं, नेट गेलंय म्हणालो ते, आणि तिची आई काय म्हणाली ते. जसं वर लिहिलंय तसंच, एवढंही नीट नाही. मध्ये मी थांबलो तेव्हा मंजू "पुढे" एवढंच म्हणाली. शेवटी तिने तोंड दोन्ही हातांत घेतलं आणि बराच वेळ रडली. आईच्या वेळी राहिलेलं रडली. मी उठलो नाही.

मग नाक पुसून म्हणाली, "मला वाटत होतं तिला मी नको होते."

"ती तुलाच मागत होती."

"हे तुम्ही सात महिने माझ्यापासून ठेवलंत, आप्पा."

"ठेवलं."

"मी तुम्हाला आत्ता काही माफ वगैरे केलेलं नाही."

"नको करू."

मग म्हणाली, "पण कॉल कापला नाहीत."

मी म्हणालो, "नाही."

"पुढच्या रविवारी चार वाजता," ती म्हणाली आणि तिने कॉल ठेवला. पाच वाजून नऊ मिनिटं झाली होती.

कॉल गेला आणि पडद्याच्या कोपऱ्यात नेट नसल्याची खूण आली. मी पाच मिनिटं तसाच बसलो. मग फिटर जागा झाला. वायरीला हात न लावता आधी सगळं बघितलं. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'केबल' लाल फुलीत. 'काकू' पण नाही, राखाडी. आकडे तेच, दहा आणि वीस. स्टुलावरचं टोक हातात घेतलं. कोमट होतं. फोन लावून काढल्यावर असतं तसं. ऊन म्हणावं तर खिडकी पूर्वेची आणि वेळ संध्याकाळची. माझा हात गार पडला असेल, तेही असू शकतं. मी काही ठामपणे सांगत नाही.

कपाट उघडलं. पिशवीत फोन होता तिथेच. बटण दाबलं, मेलेला. सिमकार्ड वेगळं, तिच्या कुंकवाच्या डबीत, मीच ठेवलं होतं तिथेच.

सोमवारी सकाळी मशीनचा डबा शालनच्या गठ्ठ्याच्या कापडात बांधला, फोन खिशात घातला आणि रिक्षाने कॅम्प चारला गेलो. हरेशने कापड ओळखलं. त्याच्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, "क्या हुआ अंकल?"

मी सगळं सांगितलं, वायर ओढल्यासकट. त्याने मशीन उघडलं. "वायफाय का कार्ड तो इसमें है ही नहीं. मैंने ही बेचा है." ब्लूटूथ नाही. शेजाऱ्याचं नेट यायला काही रस्ताच नाही. मी म्हणालो, साठलेलं थोडं चालत असेल, टाकीत पाणी असतं तसं. तो म्हणाला, "चलता है ना. दो सेकंद, चार सेकंद. बत्तीस मिनट नहीं चलता."

मशीन आपली नोंद ठेवतं, कुठली लाईन कधी लागली आणि कधी सुटली. ती नोंद त्याने काढली. चष्मा वर केला, खाली केला. पडदा माझ्याकडे वळवला. इंग्रजी मला येत नाही पण आकडे येतात. चार सदतीस, केबल बंद. चार सदतीस, काकू चालू. पाच नऊ, काकू बंद. त्याच्या वरच्या ओळीत 'काकू'ची त्याआधीची नोंद होती ती आठ महिन्यांपूर्वीची.

"मशीन झूठ भी लिखता है कभी कभी," हरेश म्हणाला. "पुराना है. ड्रायव्हर गडबड करता है." पण हे तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

फोन अर्धा तास चार्ज केला तेव्हा कुठे चालू झाला. सिम नाही, म्हणून फोनवर तसं लिहून आलं. हरेशने तोच फोन तसाच बिनसिमचा जोडून बघितला. 'काकू' लागलीच नाही. मग दुकानातल्या दुसऱ्या मशीनवरून माझ्या मशीनवर कॉल लावला आणि मला म्हणाला, ओढा. मी ओढली. दोन-चार सेकंद, कॉल गेला. परत लावला, परत ओढली. गेला. अकरा वेळा केलं आम्ही. हाताने ओढली, पायाने ओढली, अर्धी ओढली. प्रत्येक वेळी गेला.

अर्धी ओढली हे अशासाठी, की मला वाटत होतं, कदाचित त्या दिवशी वायर पूर्ण निघाली नसेल, कुठेतरी टेकलेली असेल, आणि कॉल संपल्यावर माझ्याच पायाने सुटली असेल. मला तेच खरं असायला हवं होतं. पण मी ती चपलेवर पडलेली बघितली होती, मंजू बोलत असताना. आणि मशीनमध्ये चार सदतीस लिहिलंय.

निघताना हरेशने विचारलं, "अंकल, वो काकूवाला नाम लिस्ट से निकाल दूँ? अब काम का नहीं है."

मी म्हणालो, "राहू दे. आकडा पण राहू दे. वीस."

त्याने डबा परत त्याच कापडात बांधून दिला. गाठ त्यानेच मारली, शालन मारायची तशी दुहेरी.

ह्याला चार महिने झाले. मंजूचा कॉल दर रविवारी येतो. कधी नीट बोलते, कधी दहा मिनिटांत ठेवते. मध्ये दोनदा केबल खरोखर गेली, बाहेर रस्ता खणलाय, तेव्हा कॉल सरळ तुटला आणि नंतर मी फोनवरून लावून तिला सांगितलं. 'काकू' लाईन परत कधी लागली नाही. मी रोज बघतो. इथे कुणी ह्यातला जाणकार असेल तर त्याने सांगावं, पण ड्रायव्हर गडबड करतो एवढंच सांगायचं असेल तर तसदी घेऊ नये, ते ऐकून झालंय.

आणि मंजू, तू हे वाचशील. त्या दिवशी तू म्हणालीस, कॉल कापला नाहीत, आणि मी 'नाही' म्हणालो. ते खोटं होतं. मी कापला होता. तू आईचं विचारलंस तेव्हाच, चार सदतीसला. कापला गेला नाही, ती गोष्ट वेगळी. ते कुणाचं काम होतं हे मी लिहिणार नाही, कारण मला माहीत नाही, आणि माहीत नसलेलं मी बोलत नाही.

रविवारी चार वाजता तुला जे म्हणायचं ते म्हण. निळ्या वायरीला मी हरेशकडून नवीन क्लिप बसवून घेतली आहे. आता ती पायाने निघत नाही.